कर्नलमधले सिक्युरिटी बग स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने शोधायचे असतील तर सुरुवात एका जुन्या बगपासून करा

स्टॅटिक तपासणी म्हणजे कोड न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणं. आख्ख्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, असं एखादं टूल सोडायचं, हजारो वॉर्निंगची फाइल तयार होते, त्यातल्या पहिल्या पन्नास-शंभर बघायच्या, सगळ्या बिनकामाच्या निघतात आणि मग ह्यात काही दम नाही म्हणून विषय बंद, असं मी बऱ्याच जणांचं होताना बघितलंय. मला मनापासून वाटतं की ह्यात टूलचा दोष नसतो. टूलला नेमकं काय शोधायचं ते सांगितलेलंच नसतं. म्हणून ह्या लेखात मी सुरुवात टूलपासून करणार नाहीये. आधी एक जुना, फिक्स झालेला बग घ्यायचा, त्याचा पॅच नीट वाचायचा, चूक नक्की कशी झाली होती ते एका वाक्यात लिहायचं, ते वाक्य टूलला कळेल अशा नियमात बसवायचं आणि मग त्या बगची भावंडं शोधायची.

हे एवढं ठासून का सांगतोय ते एका उदाहरणात कळेल. यूझर प्रोग्रॅमकडून आलेला पत्ता खरंच यूझर मेमरीतलाच आहे का हे कर्नलने प्रत्येक वेळी तपासायचं असतं, त्यासाठी अ‍ॅक्सेस_ओके नावाची तपासणी आहे. ती राहिली की यूझर प्रोग्रॅम कर्नलचाच पत्ता देतो आणि कर्नल आपल्याच हाताने तिथे लिहितो किंवा तिथलं वाचून देतो. २००८ साली व्हीएमस्प्लाइस सिस्टिम कॉलमध्ये हे झालं (सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागायची वाट). २०१० साली आरडीएस ह्या नेटवर्क प्रोटोकॉलमध्ये झालं, सीव्हीई-२०१०-३९०४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सिक्युरिटी बगचा नोंद क्रमांक). आणि २०१७ साली ४.१३ कर्नलच्या वेटआयडी सिस्टिम कॉलमध्ये परत तेच, सीव्हीई-२०१७-५१२३. तिन्ही एकाच माळेचे मणी. पहिला सापडला तेव्हाच कोणी नियम लिहून दर रिलीजला चालवला असता तर पुढचे दोन पकडायची चांगली संधी होती.

आता कर्नलसाठी वेगळी टूलं कशाला, तर कर्नलचे स्वतःचे कितीतरी नियम असतात जे सी भाषेला माहीतच नसतात. हा पॉइंटर यूझरचा आहे त्याला थेट हात लावू नको, स्पिनलॉक (कुलूप सुटेपर्यंत बाकीच्यांना फिरत ठेवणारं लॉक) धरलेला असताना झोपू नको, रेफकाउंट (वस्तू किती जण वापरतायत त्याची मोजणी) घेतलास तर एरर पाथवरही सोड, असे. कंपायलरच्या नजरेत सगळे पॉइंटर सारखेच. स्टॅनफर्डमध्ये डॉसन एंगलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००० च्या आसपास हे नियम तपासणाऱ्या टूलवर काम केलं, कव्हेरिटी त्यातूनच पुढे आलं. त्यांच्याच २००१ च्या अभ्यासात एक गोष्ट दिसली होती की ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तिप्पट ते सातपटीपर्यंत जातं. म्हणून सुरुवात करायला मी कायम ड्रायव्हर्स फोल्डरच सांगतो, आणि त्यातही एखादाच ड्रायव्हर किंवा एखादंच सबसिस्टिम, जे तुम्ही दोन-तीन दिवसांत वाचून काढू शकता.

तयारी तशी थोडीच आहे. कर्नलचा गिट ट्री घ्या, टारबॉल नको, कारण पुढे ही ओळ कधी आणि का आली हे गिट ब्लेमने सारखं बघावं लागतं. कॉन्फिग ऑलमॉडकॉन्फिग करा, म्हणजे जवळजवळ सगळा कोड बिल्डमध्ये येतो. ह्याचं कारण लक्षात ठेवा: स्पार्स, स्मॅच, क्लँग ही टूलं कंपायलरसारखी चालतात, म्हणजे जो कोड तुमच्या कॉन्फिगमध्ये बिल्डच होत नाही तो त्यांना दिसतच नाही. छोट्या कॉन्फिगवर स्कॅन करून हा ड्रायव्हर क्लीन आहे म्हणायचं आणि तो ड्रायव्हर मुळात बंदच होता, हा घोळ फार कॉमन आहे.

पहिलं टूल स्पार्स, लिनस टॉर्व्हाल्ड्सने २००३ मध्ये लिहिलेलं. जुनं पॅकेज असलं तर नव्या कर्नलवर उगीच कटकट करतं, सोर्सवरून बिल्ड केलेलं बरं. मेक कमांडला सी=१ दिलं की ज्या फाइल नव्याने कंपाइल होतायत तेवढ्याच तपासतं, सी=२ दिलं की सगळ्या. म्हणजे एका फोल्डरसाठी मेक सी=२ आणि पुढे ड्रायव्हर्स/स्कझी/एएसीरेड/ असा पाथ, एवढंच. कर्नलमध्ये पॉइंटरवर अंडरस्कोअर-अंडरस्कोअर-यूझर अशी खूण दिसते, ती नेहमीच्या बिल्डमध्ये काही करत नाही, पण स्पार्स तिच्यावरून ठरवतो की हा वेगळ्या अ‍ॅड्रेस स्पेसमधला पॉइंटर आहे आणि कोणी थेट डीरेफरन्स केला, म्हणजे त्या पत्त्यावरचं वाचलं-लिहिलं, की ओरडतो. एंडियनसाठी (आकड्यातल्या बाइट्सचा क्रम) एलई३२, बीई३२ वगैरे टाइप आहेत, त्यांचंही तसंच.

स्पार्सबरोबर एक काम हाताने करा. फोर्स नावाची जी खूण असते ती ग्रेप करा (कोडमध्ये शब्द शोधायची कमांड). ती म्हणजे प्रोग्रामरने स्पार्सला सांगितलेलं असतं की गप्प बस, मी काय करतोय ते मला कळतंय. बऱ्याचदा ते खरं असतं. पण जिथे खरं नसतं तिथे पाणी मुरतं, म्हणून अशा सगळ्या जागा एकदा वाचायच्याच. आणि स्पार्सची मर्यादाही समजून घ्या: वेटआयडीच्या बगमध्ये पॉइंटरवर यूझरची खूण व्यवस्थित होती, अ‍ॅक्सेस_ओके तेवढं राहिलं होतं, त्यामुळे स्पार्स तिथे काहीच बोलला नसता. तो टाइप बघतो, तपासणी झाली की नाही ते बघत नाही.

मग स्मॅच. डॅन कारपेंटर ह्यांचं टूल, स्पार्सच्याच पार्सरवर उभं केलेलं पण फ्लो समजणारं, म्हणजे ह्या इफच्या आत व्हेरिएबलची व्हॅल्यू कुठून कुठपर्यंत असू शकते ते लक्षात ठेवणारं. एका फाइलवर चालवायला केचेकर नावाची स्क्रिप्ट त्याच्याबरोबर येते. पण स्मॅचची खरी ताकद त्याच्या क्रॉस फंक्शन डेटाबेसमध्ये आहे, कुठलं फंक्शन कुठल्या व्हॅल्यू घेऊन कोणाला कॉल करतं आणि त्यातली कुठली व्हॅल्यू यूझरकडून आलीय ह्याची सगळी नोंद त्यात असते. बिल्ड कर्नल डेटा नावाची स्क्रिप्ट तो तयार करते, ह्याला काही तास लागतात, मशिन रात्रभर लावून ठेवा. आणि तो एकदा बनवून थांबू नका! दर वेळी परत बनवला की माहिती कॉल ट्रीमध्ये अजून एक पायरी पुढे सरकते, म्हणजे एकदाच बनवलेल्या डेटाबेसमध्ये आयऑक्टल हँडलरपासून (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेल्या खास आज्ञा घेणारं फंक्शन) चार फंक्शन आत गेलेली यूझरची व्हॅल्यू त्याला अजून ओळखूच येत नसते. तयार झाला की एसएमडीबी स्क्रिप्टला फंक्शनचं नाव द्यायचं, त्याला कोण कोण कॉल करतं आणि काय रेंज येते ते समोर येतं. वॉर्निंग तपासताना ह्याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही.

स्मॅचच्या वॉर्निंगपैकी एक नीट बघू, व्हेरिएबल डीरेफरन्स्ड बिफोर चेक. २००९ साली टन ह्या आभासी नेटवर्क ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये काय होतं, तर टन नावाचा पॉइंटर मिळवला, लगेच पुढच्या ओळीत टनमधून सॉकेट काढून घेतला, आणि त्याच्या खाली इफ टन नल असेल तर एरर परत कर. वाचताना वाटतं चेक आहे की, काय बिघडलं. पण जीसीसी ह्या कंपायलरने विचार केला की पॉइंटर आधीच वापरलाय म्हणजे तो नल असूच शकत नाही, मग हा चेक कशाला, आणि उडवून टाकला. त्या काळात नल पानच मॅप करून ठेवता येत होतं अशा सिस्टिमवर त्यातून थेट रूट मिळालं, सीव्हीई-२००९-१८९७. त्यानंतर कर्नलच्या बिल्डमध्ये नल चेक उडवू नको असा फ्लॅगच टाकला गेला. आज अशी वॉर्निंग आली तर बहुतेक वेळा फार तर क्रॅश होतो, तरी मी ती बघतो, कारण चेक चुकीच्या जागी आहे म्हणजे लिहिणाऱ्याला तो पॉइंटर कधी नल होतो ते नक्की माहीत नव्हतं, आणि असा संभ्रम त्या फाइलमध्ये अजून दोन-चार जागी सापडतो.

आता कॉक्सिनेल. हे माझं सगळ्यात लाडकं, कारण स्वतःचा नियम लिहिणं इथे सगळ्यात सोपं आहे. फ्रान्सच्या इन्रियामध्ये ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं. नियम पॅचसारखाच दिसतो, फक्त व्हेरिएबलच्या जागी मेटाव्हेरिएबल (कुठल्याही नावाला लागू होणारी रिकामी जागा) आणि मधला कोड काहीही असो असं सांगायला तीन टिंबं. शिवाय हे प्रीप्रोसेसर न चालवता सोर्स जसाच्या तसा वाचतं, त्यामुळे इफडेफमध्ये (अमुक सेटिंग असेल तरच कोड घ्या, अशी अट) लपलेला, तुमच्या कॉन्फिगमध्ये बंद असलेला कोडही त्याला दिसतो. कर्नलच्या स्क्रिप्ट्स/कॉक्सिनेल फोल्डरमध्ये तयार नियम आहेत, फ्री, लॉक्स, नल अशा सबफोल्डरमध्ये, ते मेक कॉक्सीचेक मोड=रिपोर्ट करून आणि एम= मध्ये फोल्डर देऊन चालतात. पण ते सुरुवातीला नुसते वाचा, नियम कसा लिहितात ते कळायला.

नियम लिहायचा सराव डबल फेचवर करा, म्हणजे एकच डेटा यूझरकडून दोनदा वाचायच्या चुकीवर. एएसीरेड ड्रायव्हरमधला सीव्हीई-२०१६-६४८० घ्या. आयऑक्टलमध्ये यूझरकडून आधी फक्त हेडर कॉपी केलं, त्यातून साइज काढली, त्या साइजवरून बफर पुरतो का बघितलं, नाही पुरला तर मोठा घेतला, आणि मग त्याच यूझर पत्त्यावरून पूर्ण डेटा परत कॉपी केला, हेडरसकट. दोन कॉपींच्या मधल्या वेळात यूझरचा दुसरा थ्रेड हेडरमधली साइज बदलू शकतो. पुढचा कोड दुसऱ्यांदा आलेल्या हेडरमधली साइज खरी धरून चालतो, आणि तपासणी मात्र पहिल्या साइजची झालेली असते. फिक्स काय होता, तर दुसऱ्या कॉपीनंतर साइज तीच आहे का बघ, नसेल तर एरर दे.

ह्याचं एक वाक्य: एकाच फंक्शनमध्ये, एकाच यूझर पत्त्यावरून, दोनदा कॉपी. नियमाचा गाभा तीन ओळींचा होतो. पहिली ओळ कॉपी_फ्रॉम_यूझर (यूझर मेमरीतून कर्नलमध्ये डेटा आणणारं फंक्शन), सोर्सच्या जागी एसआरसी हे मेटाव्हेरिएबल. दुसरी ओळ तीन टिंबं, आणि त्यांना अट लावायची की मधे एसआरसीला नवी व्हॅल्यू दिलेली नसावी. तिसरी ओळ परत कॉपी_फ्रॉम_यूझर, सोर्स तोच एसआरसी. चालवलं की लगेच काही नकोशा मॅच येतील. लूपमध्ये पत्ता दर फेरीला पुढे सरकतोय, अशा काढून टाका, एसआरसी प्लस-प्लस किंवा प्लस-इक्वल झालेलं चालणार नाही अशी अट घाला. उलट काही खऱ्या जागा सुटतील, कारण पहिल्यांदा गेट_यूझर वापरलंय आणि दुसऱ्यांदा कॉपी_फ्रॉम_यूझर, किंवा पहिल्यांदा आर्ग आणि दुसऱ्यांदा कास्ट केलेला आर्ग, किंवा मेमडप_यूझर, म्हणजे यूझरकडून डेटा आणणारी इतर फंक्शनं. तेही नियमात आणा. असं तीन-चार वेळा घासून घ्यावं लागतं. पेंगफेई वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या युझेनिक्स सिक्युरिटीमध्ये हेच काम पूर्ण लिनक्सवर कॉक्सिनेलने करून दाखवलं आणि एएसीरेडसकट खरे बग काढले, म्हणजे हा सराव नुसता पुस्तकी नाही.

दुसरा आकार जो प्रत्येकाने शिकायलाच हवा तो म्हणजे वजाबाकीवाली तपासणी. सीव्हीई-२०२२-०१८५, फाइलसिस्टिम माउंट करताना ऑप्शन वाचणारं लेगसी पार्स पॅरम फंक्शन. अट अशी होती की नवी लांबी जर पेज साइज वजा २ वजा आतापर्यंतची साइज ह्यापेक्षा मोठी असेल तर नकार द्या. कागदावर बरोबर वाटतं. आता आकडे घाला, पेज ४०९६, आतापर्यंतची साइज ४०९५. ४०९६ वजा २ वजा ४०९५ म्हणजे उणे १, पण हे सगळं अनसाइन्ड आहे, त्यामुळे उणे १ ऐवजी येतो १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ह्यापेक्षा मोठी लांबी कोण देणार, नकार कधीच मिळत नाही, आणि बफरच्या बाहेर लिहिणं सुरू. फिक्समध्ये वजाबाकीच काढली, साइज अधिक लांबी अधिक २ हे पेजपेक्षा मोठं आहे का असं विचारलं. हा बग फझिंगने (प्रोग्रॅमला वाट्टेल ते इनपुट देऊन बघायची पद्धत) सापडला, पण आकार इतका स्वच्छ आहे की नियम दहा मिनिटात लिहून होतो: तुलनेच्या एका बाजूला काहीतरी वजा एक अनसाइन्ड व्हेरिएबल, आणि ते व्हेरिएबल त्या मर्यादेच्या आत आहे हे आधी कुठेही बघितलेलं नाही.

अलोकेशनमधल्या गुणाकारासाठीही असंच. काउंट गुणिले साइज थेट केमॅलॉकमध्ये (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) दिसलं आणि काउंट यूझरकडून येतोय तर थांबून बघा. २०१८ पासून ४.१८ मध्ये स्ट्रक्ट_साइज, अ‍ॅरे_साइज हे हेल्पर आले, त्यामुळे मेनलाइनमध्ये, म्हणजे अधिकृत मूळ कर्नलमध्ये, हे खूप कमी झालंय.

तिसरी पद्धत थोडी वेगळी, ह्यात जुना बगही लागत नाही. एकच काम दहा जागी होतंय, नऊ जागी एक पायरी आहे आणि दहाव्या जागी नाही, तर दहावी जागा संशयास्पद. एंगलर ह्यांच्या गटानेच २००१ मध्ये ही कल्पना मांडली. डर्टी पाइप आठवा, सीव्हीई-२०२२-०८४७. पाइप बफर भरताना दोन फंक्शनमध्ये फ्लॅग्ज हे फील्ड शून्य करायचं राहून गेलं होतं. ही चूक २०१६ पासून तिथे होती आणि तोवर निरुपद्रवी होती, पण २०२० मध्ये ५.८ कर्नलमध्ये मर्ज करता येईल असं सांगणारा नवा फ्लॅग त्याच फील्डमध्ये आला आणि फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्येही लिहिता यायला लागलं. म्हणून अनइनिशलाइझ्ड फील्डची वॉर्निंग आज काही होत नाही म्हणून फेकून देऊ नका, एक छोटा पॅच पाठवा, मेंटेनर सहसा घेतात.

बाकीची टूलं पटकन सांगतो. मेक क्लँग-अ‍ॅनालायझर कर्नलमध्येच आहे, क्लँगने बिल्ड करत असाल तर फुकटात मिळतं. कोडक्यूएल ही कोडला डेटाबेससारखे प्रश्न विचारायची भाषा शिकायला वेळ लागतो पण यूझर डेटा कुठून निघून कुठे पोचला हे पाथसकट दाखवायला त्याच्याइतकं सोयीचं माझ्या वापरात दुसरं आलं नाही. केविन बॅकहाउस ह्यांनी २०१८ मध्ये ह्याच भाषेतल्या क्वेरीने अ‍ॅपलच्या एक्सएनयू कर्नलमध्ये आयसीएमपी एररच्या कोडमधला हीप ओव्हरफ्लो काढला, सीव्हीई-२०१८-४४०७, त्याच नेटवर्कवरून नुसतं एक पॅकेट पाठवून मशिन क्रॅश होत होतं. विंडोजचे ड्रायव्हर लिहीत असाल तर साल (फंक्शनच्या इनपुटबद्दल टूलला माहिती देणाऱ्या खुणा) अ‍ॅनोटेशन नीट भरा, ती रिकामी ठेवली तर तिथलं टूल अर्धं आंधळं असतं.

आता सगळ्यात जास्त वेळ ज्याला द्यायचा ते काम, वॉर्निंग तपासणं. माझी पद्धत अशी आहे. वॉर्निंगची ओळ उघडली की आधी मागे जायचं, पुढे नाही. ही व्हॅल्यू कुठून आली? आयऑक्टल, सेटसॉकऑप्ट, नेटलिंक, यूएसबी डिव्हाइसने पाठवलेला डिस्क्रिप्टर, कोणीतरी दिलेली फाइलसिस्टिम इमेज, की फक्त ड्रायव्हरने स्वतःच ठरवलेला आकडा? शेवटचं असेल तर तिथेच सोडा. बाहेरून येत असेल तर वाटेत कोणी तपासलीय का, प्रत्येक कॉलरमध्ये बघा, एका कॉलरमध्ये चेक दिसला म्हणून समाधान मानू नका. फंक्शन पॉइंटरमधून कॉल होत असेल तर ऑप्स स्ट्रक्चर कुठे कुठे भरलंय ते ग्रेप करा, नुसता फंक्शनच्या नावाचा ग्रेप इथे फसवतो. मग परवानगी. इथे दोन सारख्या दिसणाऱ्या फंक्शनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे: केपेबल म्हणजे खरंच सिस्टिमचा अ‍ॅडमिन लागतो, एनएस_केपेबल म्हणजे स्वतःच्या यूझर नेमस्पेसमधला (सिस्टिममधलाच एक वेगळा कप्पा) अ‍ॅडमिनही चालतो, आणि बऱ्याच सिस्टिमवर तो नेमस्पेस साधा यूझरही बनवू शकतो. वर सांगितलेला २०२२ चा माउंटवाला बग ह्याच वाटेने साध्या यूझरच्या हातात आला. म्हणून इथे रूट लागतो, सोडून द्या, असं लिहायच्या आधी कुठलं फंक्शन आहे ते डोळे उघडे ठेवून बघा.

प्रत्येक वॉर्निंगपुढे एक ओळ लिहून ठेवा, खोटी का आहे ते. हा कॉलर तपासतो, ह्या फाइलच्या अमुक फंक्शनमध्ये, असं स्पष्ट. सहा महिन्यांनी नवीन कॉलर आला की ती नोंद खोटी ठरते आणि तुम्हाला नेमकं कुठे बघायचं ते माहीत असतं. पुढच्या रिलीजला फक्त नवीन वॉर्निंग बघा, आधीच्या यादीशी डिफ करून.

मेनलाइनमध्ये सोपे बग फार उरलेले नाहीत हेही सांगून ठेवतो, कारण इंटेलचा झीरो-डे बॉट येणाऱ्या पॅचवर स्पार्स, स्मॅच, कॉक्सिनेल सतत चालवत असतो. मेनलाइनबाहेरचे व्हेंडर ड्रायव्हर मात्र ह्या चाळणीतून गेलेलेच नसतात, तिथे साधे तयार नियमही बरंच काही काढून देतात. आणि रेस कंडिशनसाठी (दोन कामं एकाच वेळी चालल्याने होणाऱ्या चुका) ह्या टूलवर विसंबू नका, असाच डर्टी काउ नावाचा बग २००७ पासून २०१६ पर्यंत कोडमध्ये बसून होता. तिथे सिझकॉलर (फझिंग करणारा फझर) आणि केएएसएएन, केसीएसएएन (कर्नल चालू असताना चुका पकडणारी टूलं) लागतात. स्टॅटिकमध्ये संशय आलेली जागा फझरला खास करून द्यायची, हे दोन्ही एकत्र छान चालतं.

खरा बग सापडला तर टूलचं आउटपुट जसंच्या तसं कोणाला पाठवू नका. ज्याचा गैरवापर होऊ शकतो असा बग असेल तर आधी कर्नलची सिक्युरिटी टीम आणि त्या भागाचा मेंटेनर, खाजगीत, पब्लिक लिस्टवर नाही. मेंटेनर कोण ते गेट_मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. पॅचमध्ये चूक कुठल्या कमिटने आली ते फिक्सेस टॅगमध्ये, कमिट आयडीच्या पहिल्या १२ अक्षरांसकट. कुठल्या टूलने सापडलं आणि हार्डवेअरवर टेस्ट केलंय की फक्त कंपाइल करून बघितलंय हे खरं खरं लिहा, मेंटेनर त्यावरून ठरवतो किती बारकाईने बघायचं. आणि पॅच गेला की तुमचा नियम परत एकदा, ह्या वेळी आख्ख्या ट्रीवर चालवा. खोट्या मॅच आटोक्यात असतील तर नियमाची फाइलही स्क्रिप्ट्स/कॉक्सिनेल फोल्डरसाठी पाठवा, ती घेतली गेली की मेक कॉक्सीचेक चालवणाऱ्या प्रत्येकाकडे आपोआप चालते.